थोरल्या पानांची चोरी

१

सोमवारी सकाळी दहा वाजता बावन्न हजार तीनशे दहा. त्याच दिवशी दुपारी चार वाजता एकतीस हजार नऊशे आठ. म्हणजे सहा तासांत वीस हजार चारशे दोन पानं गायब! आणि तीही अशी, जी गायब होणं शक्यच नाही.

हे आकडे लिहिलेला कागद माझ्या सहकाऱ्यानं, फाब्रिसिओ लान्सानं, मंगळवारी सकाळी माझ्या टेबलावर आपटला, तेव्हा मी बिस्कोचोचा, म्हणजे आमच्या न्याहारीच्या खुसखुशीत पावाचा, पहिला घास घेत होते. या माणसाला माझ्या तोंडात घास असतानाच सगळं सुचतं.

"हे बघ, मारिसोल. तुझ्या लाडकीचे पराक्रम."

"माझी लाडकी कोण? माझ्या घरी मांजरसुद्धा नाही."

"यामिला! आकडे हातानं भरलेत तिनं. खोटे. मी थेट आल्सिदेसकडे जाणार."

"जा की. मला कशाला सांगतोस?"

"कारण यंत्राच्या किल्ल्या तुझ्याकडे आहेत. ती कधी आत शिरली, काय केलं, हे तुझ्या नोंदींत असणार."

तर मी मारिसोल तेचेरा, वय एक्कावन्न. मोंतेविदेओच्या किनाऱ्यावर आमचं पूर-अंदाज केंद्र आहे, तिथल्या यंत्रांची मी राखणदार. नद्यांचं पाणी कुठवर चढेल याचं गणित आमचं मोठं यंत्र करतं. त्याला मेमरी लागते, आणि मेमरी पानापानांनी दिली जाते. साधं पान चिटुकलं असतं. तशी पाचशे बारा सलग मिळाली की त्यांचं एक थोरलं पान होतं. थोरली पानं मिळाली की पुराचं गणित भराभर उरकतं. नाही मिळाली तर चिटुकल्यांवर भागवायचं, मग गणित रेंगाळतं आणि तोवर पाणी लोकांच्या उंबऱ्याला लागतं. म्हणून थोरली पानं किती दिली गेली याची मोजदाद हवी. ती यामिला बेरुतीनं ऑपरेटिंग सिस्टिमच्या अगदी गाभ्यात, ज्याला कर्नेल म्हणतात त्यात, दोन वर्षं खपून बसवली होती.

नियम अगदी साधा. एक थोरलं पान दिलं की आकडा एकनं वाढवायचा. पान परत आलं तरी आकडा उतरत नाही, कारण तो फक्त 'आजवर किती दिली' एवढंच सांगतो. असा आकडा वाढेल, नाहीतर जागच्या जागी राहील. तो खाली येणं म्हणजे मी उद्या सकाळी एकोणपन्नासची होणं.

अर्ध्या तासात आल्सिदेसनं, म्हणजे आमच्या संचालकानं, सगळ्यांना खोलीत बोलावलं. वाईट माणूस नाही, पण घाबरट. हा गाभा आमच्या एकट्याच्या मालकीचा नाही, जगभरातली माणसं त्यावर काम करतात. यामिलाचा कोड त्यांच्याकडे गेलेला होता आणि पुढच्या आठवड्यात तो कायमचा सामील व्हायचा होता.

"शुक्रवारी अकरा वाजता मला उत्तर हवंय," आल्सिदेस म्हणाला. "आकडे खोटे निघाले तर कोड मागे घेतो आणि कारण नावासकट जाहीर करतो. तोवर यामिला यंत्राला हात लावणार नाही. आकडे मारिसोल घेईल, उद्यापासून."

"उद्यापासून का?" लान्सानं विचारलं.

"कारण आज दुपारी माझी दाढ काढायची आहे," मी म्हणाले. "तुझी हरकत असेल तर तू काढ."

यामिला म्हणजे पायसांदूहून एकटी आलेली सव्वीस वर्षांची पोर. एकदा नावाला डाग लागला की या धंद्यात पुन्हा कोणी तिची ओळ वाचणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. जाता जाता ती माझ्यापाशी थांबली.

"मी एकही आकडा हातानं लिहिला नाही, मारिसोल. यंत्रानं जे दाखवलं तेच उतरवलं. आजचा सकाळचा आकडा तूच बघ ना."

मी बघितला. एकसष्ट हजार चव्वेचाळीस!

गेलेली सगळी पानं परत आली होती, वर आणखी भर पडली होती. दुपारी चोरी करायची आणि सकाळी माल जागेवर आणून ठेवायचा, असला चोर मी तरी जन्मात बघितला नव्हता.

२

मी डॉन विल्मारना फोन केला. आमच्याकडे वडीलधाऱ्यांना आदरानं डॉन म्हणतात.

विल्मार एत्चेगोयेन, वय एकाहत्तर. याच गाभ्यातला मेमरीचा भाग त्यांनी वर्षानुवर्षं सांभाळला होता. आता निवृत्त आहेत, म्हणजे काखेत गरम पाण्याचा थर्मास आणि हातात येर्बाचा, म्हणजे आमच्या कडवट हिरव्या चहाचा, तुंबा घेऊन दिवसभर किनाऱ्यावर भटकतात. बुधवारी सकाळी ते आले, खुर्चीत बसले, तुंबा भरला, आणि पहिली पंधरा मिनिटं माझ्या दाढेची चौकशी केली.

"डॉन विल्मार, पोरीचं वाटोळं होतंय आणि तुम्ही दाढेचं काय घेऊन बसलात?"

"दाढ काढली तरी जागा दुखत राहते, नाही का?" ते म्हणाले. "बरं, बोलाव तिला."

यामिला आली. रात्रभर रडलेली दिसत होती, पण आवाज खणखणीत.

"हे आकडे कसे घेतेस, पोरी?"

"दोनदा. सकाळी दहा आणि दुपारी चार. आज्ञा देते, आकडा येतो, तो वहीत."

"चारचा आकडा रोज खाली?"

"गेल्या आठवड्यात यंत्र नव्यानं चालू केलं, तेव्हापासून रोज. मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. शोधत होते. म्हणूनच कोणाला बोलले नाही. तीच चूक झाली."

"तुझ्या कोडमध्ये आकडा कमी करणारी ओळ आहे?"

"एकही नाही. तुम्ही शोधा. सापडली तर मी स्वतः राजीनामा लिहून देते."

त्यांनी खरंच शोधली. तासभर चष्मा नाकावर. नव्हती.

मी माझ्या नोंदी काढल्या. दुपारी चारला यामिला रोज यंत्रात शिरलेली होती, म्हणजे न बघताच आकडा ठोकला असं काही नव्हतं. पण वहीत काय लिहिलं, ते माझ्या नोंदी कुठून सांगणार?

मग लान्साची पाळी. तो ऐटीत आला आणि आल्या आल्या म्हणाला, "मला ठाऊक आहे तुम्ही काय विचारणार. दोन वर्षांपूर्वी मोजदादीची माझी योजना नाकारली आणि तिची घेतली. म्हणून मी डूख धरलाय, असंच ना?"

"धरलायस का?" डॉन विल्मारनी थेट विचारलं.

"थोडा धरलाय," तो म्हणाला. निदान खरं बोलला. "पण मी तिचा कोड ओळन् ओळ तपासलाय. सत्तावीस सूचना दिल्या. तिनं सगळ्या मुकाट मानल्या. शत्रू असतो तर सत्तावीस वेळा डोकं घातलं असतं का? कोड चोख आहे, कारण तो मी तपासलाय. म्हणजे खोट आकड्यांत आहे, आणि आकडे कोण लिहितं? ती."

एवढ्या आत्मविश्वासानं बोलणाऱ्याच्या डोक्यावर एक तुंबा गरम पाणी ओतावं असं मला वाटलं. पण त्याच्या बोलण्यात खोट काढता येईना.

त्या दिवशीचा सकाळचा आकडा मी घेतला होता, सत्तर हजार पंधरा. दुपारी चारला लान्सा, आल्सिदेस, डॉन विल्मार, सगळे माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. मी मनातल्या मनात देवाला म्हणत होते, पाड रे बाबा आकडा, एकदाच सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पाड.

आकडा आला. पंचाहत्तर हजार दोनशे साठ.

तो पडला नव्हता. वाढला होता, वाढायला हवा तसाच.

"बघितलंत?" लान्सा म्हणाला. "तिचा हात निघाला आणि चोरी थांबली."

३

त्या संध्याकाळी आल्सिदेसनं पत्राचा मसुदा लिहायला घेतला. मी दारावरून जाताना त्याच्या पडद्यावर यामिलाचं नाव दिसलं.

गुरुवारी सकाळी डॉन विल्मार मात्र खुशीत होते. मला रागच आला.

"तुम्हाला आनंद कसला झालाय?"

"अगं, रोज येणारा चोर एक दिवस आला नाही. आता कुठे तो सापडायला लागला. काल काय वेगळं होतं?"

"यामिला नव्हती."

"हे लान्साचं उत्तर. तुझं सांग. काल तू काय केलंस, जे सोमवारी केलं नव्हतंस?"

मी विचार केला. "काल खिडकी लावून घेतली. स्वेटर घातला. फेब्रुवारीत, भर उन्हाळ्यात स्वेटर! काल पाम्पेरो सुटला होता ना, दक्षिणेकडचा गार वारा. टेबलावरचे कागद उडाले."

"आणि सोमवारी?"

"सोमवारी भट्टी. गेल्या आठवड्यातही रोज भट्टीच. माझा मेकअप हनुवटीपर्यंत यायचा."

ते उठले. "चल, यंत्राच्या खोलीत जाऊ."

यंत्राची खोली नीबिया काब्रेराच्या ताब्यात. वायरी, पंखे, थंड हवेचं यंत्र, सगळं ती बघते. बावीस वर्षं एका खोलीत काढल्यामुळे तिला माणसांपेक्षा पंख्यांशी जास्त बोलायची सवय लागली आहे. आम्ही आत गेलो तशी तिनं हातातली वही पटकन मिटली. मी ते बघितलं. डॉन विल्मारनीही बघितलं.

"इथे उकडतंय गं, नीबिया," ते म्हणाले.

"उन्हाळा आहे."

"थंड हवेचं यंत्र?"

"चालतंय."

"चालतंय की घरघरतंय? मला इथे ऐकू येतंय."

"डॉन विल्मार, तुम्ही पानांच्या चोरीचं बघा," ती फटकारून म्हणाली. "माझ्या हवेचं मी बघते. मी यंत्राच्या पोटात कधी हात घालत नाही. तसा हुकूमच आहे आल्सिदेसचा, लेखी."

कोणी हुकमाबद्दल विचारलंच नव्हतं. मी डॉन विल्मारकडे बघितलं, तर ते नुसतेच मान डोलावत होते.

"बरं बाई. तीन वाजता अंगणात ये, येर्बा पाजतो. भांडण नको."

बाहेर आल्यावर मी म्हणाले, "ती खोटं बोलतेय."

"बोलतेयच. पण काय आणि कशासाठी? नीबियाचं यामिलाशी काय वैर?"

काही नव्हतं. उलट यामिलाच्या वाढदिवसाला केक तिनंच आणला होता. मग माझं डोकं चालेना.

वारा पडला होता. दुपारी एकपर्यंत पुन्हा तोच उकाडा सुरू झाला, आणि आमच्या हातात उरले होते बावीस तास.

४

तीन वाजता अंगणातल्या सावलीत आम्ही चौघं बसलो. डॉन विल्मार, यामिला, नीबिया आणि मी. ओतणारे डॉन विल्मार, त्यामुळे नियम त्यांचे. एकच तुंबा, एकच नळी, तुंबा एकेकाकडे फिरायचा, रिकामा झाला की ओतणाऱ्याच्या हातात परत.

नीबिया घड्याळाकडे बघत होती. पाच फेऱ्या झाल्यावर तिनं तुंबा परत देताना "ग्रासियास" म्हटलं. आमच्याकडे हा शब्द जपून वापरतात. तुंबा देताना आभार मानले की झालं, तुम्हाला आणखी नको. यापुढे ओतणारा तुम्हाला ओलांडून जातो.

"मला काम आहे," ती म्हणाली आणि लगबगीनं आत गेली.

तुंबा आम्हा तिघांत फिरत राहिला. आणखी एक फेरी झाली आणि थर्मास खुळखुळला.

"संपलं?" डॉन विल्मार रागावले. "लिटरभर पाणी होतं! कोण प्यालं एवढं? यामिला, तुझे किती?"

"सहा."

"मारिसोल?"

"सहा. आणि असं चोराकडे बघावं तसं बघू नका."

"माझे सहा. अठरा झाले. माझ्या थर्मासात तेवीस बसतात, तीस वर्षं मोजतोय मी. पाच गेले कुठे?"

"अहो, नीबियाचे पाच!" मी म्हणाले. "ती उठून गेली म्हणून काय तिनं प्यालेलं पोटातून परत आलं?"

डॉन विल्मार तुंबा हातात धरून तसेच बसले. यामिला माझ्याकडे बघत होती आणि तिचे डोळे हळूहळू मोठे होत होते.

"जी 'ग्रासियास' म्हणून उठली," ती पुटपुटली, "तिला तुम्ही विचारलंच नाही."

"जे समोर बसलेत त्यांनाच विचारलं," डॉन विल्मार म्हणाले. "यामिला, तुझी मोजदाद कुठे लिहिली जाते? एकाच ठिकाणी?"

"नाही. यंत्रात सोळा कोअर आहेत, सोळा कामकरी म्हणा. सगळे एकाच पाटीवर लिहायला लागले तर धक्काबुक्की होईल, म्हणून प्रत्येकाची आपली आपली पाटी. आकडा मागितला की सोळा पाट्यांची बेरीज—" ती थांबली आणि ताडकन उभी राहिली. "सोळांचीच होते का? कोणी झोपला असेल तर?"

"मारिसोल, चार वाजलेत. आकडा बघ!" डॉन विल्मार म्हणाले.

मी या वयात जिने दोन दोन पायऱ्यांनी चढले. सकाळी एकोणऐंशी हजारांच्या वर होता. आता बेचाळीस हजार. माझ्या डोळ्यांदेखत, यामिला अंगणात बसलेली असताना, पडला होता!

दुसरी आज्ञा दिली. कोअर किती? सोळा. जागे किती? आठ.

आम्ही तिघं यंत्राच्या खोलीत शिरलो तेव्हा नीबिया वही उघडून लिहीत होती. या वेळी तिनं ती मिटली नाही. खुर्चीत बसली आणि रडायलाच लागली.

"थंड हवेचं यंत्र डिसेंबरपासून मरायला टेकलंय," ती म्हणाली. "तीनदा अर्ज केला. आल्सिदेस म्हणतो, कसंतरी रेट. गेल्या आठवड्यात उकाडा चढला तसा दुपारी तीननंतर यंत्र तापून बंद पडायला आलं. ते बंद पडलं तर पुराचं गणित बंद! म्हणून इथल्याच कळफलकावरून अर्धे कोअर झोपवते, मारिसोलच्या नोंदींत ते येत नाही. शून्यापासून मोजले तर आठ ते पंधरा नंबरचे, रोज तेच. संध्याकाळी उठवते. हुकूम मोडून. मला वाटलं, कोणाला कळलं तर बावीस वर्षं पाण्यात."

"आणि काल?" मी विचारलं.

"काल थंडी होती ना. काल कोणाला झोपवलंच नाही."

"अगं बाई, मग बोलली का नाहीस? पोरीचा जीव टांगणीला लागलाय!"

"पानांचा आणि याचा संबंध आहे हे मला काय माहीत? मी हवा बघते!"

यामिलानं तिला मिठी मारली. मला ते जमलं नसतं, मी एक चापट मारली असती.

"अर्धं झालं," डॉन विल्मार म्हणाले. "कोअर झोपला तरी त्याची पाटी पुसली जात नाही. तो उठला की पाटी पुन्हा बेरजेत. म्हणून माल सकाळी परत. पण यामिला, तू नवशिकी नाहीस. झोपलेल्यांना सोडून बेरीज करायची बुद्धी तुला कशी झाली?"

यामिला गोंधळली. "मी पहिल्यांदा लिहिलं तेव्हा सोळाही होते. मला पक्कं आठवतंय."

"मग बदललं कोणी?"

तिनं तपासणीची जुनी पत्रं उघडली. सत्तावीस सूचना. एकेक खाली सरकवत गेली. एकोणिसाव्या सूचनेवर डॉन विल्मारनी बोट ठेवलं, वाचलं, आणि इतक्या मोठ्यानं हसले की नीबियासुद्धा रडायची थांबली.

"हे उद्या अकरा वाजता वाचायचं," ते म्हणाले. "आणि ज्यानं लिहिलंय त्यानंच."

५

शुक्रवारी अकराला आल्सिदेसची खोली भरली होती. त्याच्यापुढे पत्र तयार होतं. लान्सा इस्त्रीचा सदरा घालून आला होता.

डॉन विल्मार बोलायला उठतील असं मला वाटलं होतं. ते जागचे हलले नाहीत. यामिला उठली.

"मी यंत्राला हात लावणार नाही," ती म्हणाली. "हात मारिसोलचे. मी फक्त सांगते. पुराचं सकाळचं गणित संपलंय. आता काहीही चालू नाही, म्हणजे नवी थोरली पानं कोणी मागणार नाही. मारिसोल, नीबिया दुपारी करते तेच कर. आठ ते पंधरा झोपव."

झोपवले.

"आकडा?"

"सत्तेचाळीस हजार नऊशे दोन," मी वाचलं.

आल्सिदेस पुढे वाकला. "सकाळी तर अठ्ठ्याऐंशी होता!"

"होता ना? आणि मी तर इथे तुमच्यासमोर उभी आहे. आता गाभ्याच्या पोटात थेट डोकावणारं साधन उघड, आणि झोपलेल्या आठांच्या पाट्या एकेक करून वाच."

मी वाचत गेले आणि लान्सा कागदावर मांडत गेला. तिनंच त्याला मांडायला सांगितलं होतं. बेरीज झाली चाळीस हजार एकशे सत्त्याहत्तर.

"आता मी सांगते," यामिला म्हणाली. "आठांना उठवलं की आकडा येईल अठ्ठ्याऐंशी हजार एकोणऐंशी. एक इकडे नाही, एक तिकडे नाही. चुकला तर साहेब, तुमचं पत्र मी स्वतः टपालात टाकते."

मी आठांना उठवलं. आकडा मागितला.

आठ, आठ, शून्य, सात, नऊ.

"अठ्ठ्याऐंशी हजार एकोणऐंशी!" मी ओरडले. वय विसरून ओरडले. नीबियानं टाळ्या पिटल्या.

आल्सिदेसनं पडद्याकडे बघितलं, लान्साच्या कागदाकडे बघितलं, पुन्हा पडद्याकडे. "म्हणजे कोणी काही चोरलंच नाही?"

"पानं सगळी जागेवर होती," यामिला म्हणाली. "बेरीज करणारा फक्त जाग्यांच्या दारात जात होता. मी ती बेरीज सोळांची लिहिली होती. मग एक सूचना आली. एकोणिसावी. फाब्रिसिओ, तू वाचतोस?"

लान्सानं पडद्यावरची ओळ वाचायला सुरुवात केली आणि अर्ध्यात त्याचा आवाज बसला. तरी त्यानं पूर्ण वाचली, हे मी त्याच्या बाजूनं सांगते.

"'यामिला, झोपलेल्या कोअरच्या दारात कशाला जातेस? जो ग्रासियास म्हणाला त्याला ओलांडून जायचं असतं, एवढंही तुला घरी शिकवलं नाही? जागे आहेत तेवढेच घे.'"

डॉन विल्मारनी घसा खाकरला.

"ओतायचं असतं तेव्हा तुझा नियम बरोबर आहे, फाब्रिसिओ. ग्रासियास म्हणालेल्याला पुढचा तुंबा द्यायचा नाही. पण किती प्यायले हे मोजताना त्याला वगळलंस तर थर्मास गळका ठरतो. काल अंगणात मीच तसं मोजलं, अठरा. नाहीतर मलाही कळलं नसतं."

"आणि मी निमूट मानलं," यामिला म्हणाली. "ते वाक्य ऐकायला इतकं बरोबर वाटलं की मी तपासलंच नाही. माझीही चूक आहे. पण खोटेपणा नाही. चूक आणि खोटेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मंगळवारपासून इथे कोणी मला हा फरक विचारला नाही."

हे तिनं आल्सिदेसकडे बघून म्हटलं. आल्सिदेस लालबुंद झाला. पत्राचे चार तुकडे केले, आणि माफी मागितली. तोंडातल्या तोंडात नाही, नीट, उभं राहून. नीबियाकडे वळून म्हणाला, थंड हवेचं यंत्र आजच मागवतो. नीबिया म्हणाली, लेखी द्या.

लान्सा मात्र कोपऱ्यात बसून टाइप करत होता. मला वाटलं, हा आता कारणं लिहितोय. मी जाऊन त्याच्या खांद्यावरून बघितलं. यामिलाची सोळांच्या बेरजेची मूळ ओळ त्यानं परत बसवली होती, आणि खाली, जिथे असल्या दुरुस्त्यांची सही असते तिथे लिहिलं होतं: लिहिणारी, यामिला बेरुती. त्याखाली: दोष माझ्या सूचनेमुळे आला, फाब्रिसिओ लान्सा.

"हे साऱ्या जगाला दिसणार, बरं का," मी म्हणाले.

"म्हणून तर लिहिलंय," तो म्हणाला. "जा ना, बिस्कोचो खा."

दुपारी बाराला दुरुस्त गाभा घालून यंत्र नव्यानं चालू केलं. आकडे पुन्हा शून्यापासून. यामिलाच्या किल्ल्या तिला परत दिल्या, आणि देताना मी उगाचच डोळे पुसले. तीनला बाहेर पस्तीस अंश, नीबियानं या वेळी सगळ्यांना सांगून आठ कोअर झोपवले. झोपवण्याआधीचा आकडा होता तीन हजार एकशे अठरा.

चार वाजता आम्ही सगळे यामिलाच्या खुर्चीमागे उभे होतो. लान्सासुद्धा. आठ कोअर गाढ झोपलेले. तिनं आज्ञा दिली, आकडा बघितला, आणि खुर्चीवरून उठून इतक्या जोरात ओरडली की किनाऱ्यावर फिरणारी माणसं वर बघायला लागली.

"चार हजार सव्वीस!"